केस्ट्रेल 5700 एलिट : डोंगरात गोळी किती खाली येईल हे सांगणारं यंत्र, आणि ते कुणी घ्यावं

ह्यूस्टनच्या रेंजवर, म्हणजे जवळपास समुद्रसपाटीला, 200 यार्डांवर चोख झिरो केलेली (म्हणजे त्या अंतरावर नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी जुळवलेली) रायफल ऑक्टोबरात कोलोराडोच्या डोंगरात नेली, की लांबच्या नेमाला गोळी ठरल्यापेक्षा वर लागते. रायफल बिघडलेली नसते, स्कोपही हललेला नसतो. दहा हजार फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या पाऊण पटीपेक्षाही थोडी कमी असते. हवा विरळ, म्हणून गोळीला अडथळा कमी. अडथळा कमी, म्हणून वेग टिकतो आणि तेच अंतर गोळी कमी वेळात कापते. खाली यायला तिला वेळच कमी मिळतो. हा फरक नेमका किती, आणि एल्क, म्हणजे तिथलं मोठं हरीण, समोर उभं असताना तो दहा-पंधरा सेकंदांत कसा काढायचा, एवढाच प्रश्न उरतो.

या प्रश्नाचं आज बाजारात मिळणारं सर्वांत नेमकं उत्तर म्हणजे केस्ट्रेल 5700 एलिट. पेनसिल्व्हेनियातल्या नील्सन-केलरमन कंपनीचं हे मुठीत मावणारं हवामानयंत्र आहे. जागेवरचा हवेचा दाब, तापमान, आर्द्रता आणि वारा ते स्वतः मोजतं आणि आत बसवलेल्या अप्लाइड बॅलिस्टिक्स या कंपनीच्या, गोळीचा मार्ग काढणाऱ्या गणितातून स्कोपची डायल किती फिरवायची ते सांगतं. किंमत सातशे-आठशे डॉलरच्या घरात. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीवर बंदी आहे, त्यामुळे हे परीक्षण अमेरिकेत रीतसर परवाना काढून शिकारीला जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. यार्ड, इंच, फॅरनहाइट ही तिथली मापं म्हणूनच तशीच ठेवली आहेत.

पैसे खर्च करण्याआधी हे आकडे पाहा

6.5 क्रीडमूर या मापाचं, हॉर्नडी कंपनीचं 143 ग्रेन (हे गोळीचं वजन) ईएलडी-एक्स काडतूस घेऊ, कारण डोंगरातल्या शिकारीसाठी ते सर्रास वापरलं जातं. नळीतून सुटताना वेग 2,700 फूट प्रति सेकंद, झिरो 200 यार्डांवर. समुद्रसपाटीच्या हवेत ही गोळी 300 यार्डांवर सुमारे 8 इंच, 400 वर साडेबावीस आणि 500 वर 45 इंच खाली येते. आता हवा दहा हजार फुटांची धरली, तर 300 यार्डांवरचा फरक एक इंचसुद्धा भरत नाही. 400 वर तो 2 इंचांच्या आसपास असतो, 500 वर साधारण 4 इंच, आणि 700 यार्डांवर मात्र जवळजवळ 12 इंच.

या आकड्यांचा अर्थ सरळ आहे. 300 यार्डांच्या आतच चाप ओढायचा असं ज्यांनी ठरवलं आहे, त्यांना उंचीचा विचार करायची गरज नाही, आणि हे यंत्र तर मुळीच नको. तेवढ्या पैशांत अंतर मोजणारा चांगला रेंजफाइंडर येईल आणि वर सरावाची काडतुसंही येतील. एल्क आणि म्यूल डिअरच्या छातीतला मर्मभाग इतका मोठा असतो, की एक-दोन इंचांनी शिकार हुकत नाही. खरी अडचण 400 च्या पुढे सुरू होते, आणि तीही एकाच जागी राहणाऱ्याला नाही. सकाळी 7,000 फुटांवरच्या झुडपांत आणि दुपारी 11,000 फुटांवरच्या उघड्या कड्यावर असणाऱ्याला ती जास्त जाणवते.

नुसती उंची पुरत नाही

नकाशावरची उंची पाहून तक्ता (कोणत्या अंतराला डायल किती फिरवायची याची यादी) वापरणारे इथेच फसतात. गोळीला उंची कळत नाही, तिला फक्त हवेची घनता कळते. घनता दाब आणि तापमान या दोन्हींवर ठरते, आर्द्रतेचा वाटा अगदीच किरकोळ. हे सगळं एका आकड्यात बसवायचं म्हणून डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे डीए वापरतात: प्रमाण हवामानात इतकी विरळ हवा किती फुटांवर असती, तो आकडा.

हिशोब तोंडी करण्याजोगा आहे. समुद्रसपाटीचं प्रमाण तापमान 59 अंश फॅरनहाइट. दर हजार फुटांना ते साडेतीन अंशांनी उतरतं. प्रमाणापेक्षा प्रत्येक अंश जास्त असेल तर डीएमध्ये साधारण 67 फूट मिळवायचे, कमी असेल तर तेवढेच वजा करायचे. समजा, तळ 9,000 फुटांवर आहे. तिथलं प्रमाण तापमान 27 अंश. पहाटे पारा 15 वर असेल तर डीए सुमारे 8,200. दुपारी ऊन तापून 60 झाला तर डीए 11,200. माणूस जागचा हलला नाही आणि गोळीच्या हिशोबानं तो तीन हजार फूट वर गेला. ह्यूस्टनमध्ये जुलैच्या 95 अंशांत झिरो केला असेल, तर तिथेही डीए 2,400 च्या पुढेच होता. म्हणजे तुमचा झिरो समुद्रसपाटीचा आहे हे गृहीतकसुद्धा कच्चंच.

केस्ट्रेलची खरी करामत इथे आहे. हा सगळा हिशोब ते स्वतः, सतत आणि बिनचूक करतं. 9,800 फुटांच्या धारेवर थंड सकाळी यंत्र उघडलं तर पडद्यावर स्टेशन प्रेशर (जागेवरचा प्रत्यक्ष दाब, पाऱ्याच्या इंचांत) 20.8, तापमान 28 आणि डीए दहा हजाराला टेकलेला, असे आकडे दिसतात. अंतर 500 टाकलं की वर म्हटलेल्या काडतुसासाठी ते 2.3 मिल सांगतं (मिल हे स्कोपच्या डायलचं कोनाचं माप; 100 यार्डांवर एक मिल म्हणजे 3.6 इंच). समुद्रसपाटीच्या तक्त्यावर याच अंतरासाठी 2.5 छापलेलं असतं. 700 यार्डांवर तक्त्यात साडेचारच्या पुढे, आणि यंत्रावर 4.1.

यंत्र बरोबर, माहिती चूक

या यंत्राविषयी बहुतेक तक्रारी असतात त्या आत भरलेल्या माहितीमुळे. म्हणून भरायचं काय आणि कसं, यावर थोडं सविस्तर.

सगळ्यांत मोठा घोटाळा दाबाचा. हवामान सांगणारी ॲप आणि रेडिओ जो दाब सांगतात, तो समुद्रसपाटीला बेतून दुरुस्त केलेला असतो. कोलोराडोतल्या गनिसनमध्ये, म्हणजे 7,700 फुटांवर, फोन 30.1 दाखवेल, प्रत्यक्ष जागेवरचा दाब साडेबावीसच्या आसपास असतो. बॅलिस्टिक ॲपमध्ये स्टेशन प्रेशरच्या जागी 30.1 टाकलं, की त्याला वाटतं तुम्ही समुद्रकिनारी उभे आहात. मग उंचीची सगळीच्या सगळी चूक पदरात पडते. केस्ट्रेल स्वतःचा दाब स्वतः मोजून थेट गणितात घेतं, त्यामुळे हा घोटाळा होत नाही, आणि नुसत्या ॲपपेक्षा या यंत्रात पैसे घालण्याचं माझ्या मते सर्वांत पटणारं कारण हेच. तरीही एक गोष्ट वर्षातून एकदा करावी: जवळच्या विमानतळावर जाऊन यंत्रात त्या विमानतळाची उंची संदर्भ म्हणून भरायची आणि विमानतळाचा अल्टिमीटर आकडा व यंत्राचा बॅरोमीटर आकडा जुळतो का ते पाहायचं. जुळत नसेल तर सेन्सर सरकला आहे.

दुसरी गोष्ट गोळीचा बॅलिस्टिक कोइफिशंट, म्हणजे हवेतून जाताना गोळी वेग किती टिकवते तो आकडा. तो जी-1 आणि जी-7 अशा दोन वेगळ्या मॉडेलांवर मोजतात. या ईएलडी-एक्सचा जी-1 आकडा 0.625 आणि जी-7 आकडा 0.315. यंत्रात जी-7 निवडून 0.625 भरण्याची चूक फार जण करतात. मग यंत्राला वाटतं ही गोळी हवेत जवळजवळ मंदावतच नाही. ते डायल कमी फिरवायला सांगतं आणि गोळी सावजाच्या पोटाखालून जाते. लांब निमुळत्या गोळ्यांसाठी जी-7 घ्या, आणि आकडा व मॉडेल दोन्ही एकदम तपासा. एलिटमध्ये अप्लाइड बॅलिस्टिक्सनं प्रत्यक्ष मोजलेले ड्रॅग कर्व्ह, म्हणजे त्या-त्या गोळीला होणाऱ्या हवेच्या अडथळ्याचे आलेखही मिळतात. तुमची गोळी त्या यादीत असेल तर तोच पर्याय घ्यावा.

तिसरा, आणि सर्वांत महत्त्वाचा आकडा वेगाचा. काडतुसांच्या डब्यावरचे 2,700 हे कारखान्याच्या चाचणीच्या नळीचे आहेत, आणि ती बहुधा 24 इंची असते. डोंगरात वागवायला सोपी म्हणून घेतलेल्या 20 इंची नळीत दर इंचाला साधारण 20 ते 25 फूट प्रति सेकंद कमी होतात. म्हणजे खरा वेग 2,600 च्या आसपासही असू शकतो, आणि 500 यार्डांवर ही चूक जवळजवळ दहा हजार फुटांच्या चुकीएवढी आहे! क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) न वापरता केस्ट्रेल घेणं व्यर्थ. गार्मिन झीरो सी-1 प्रो किंवा लॅबरडार कुणाकडून तरी एका दुपारपुरता मागून आणा, दहा गोळ्या झाडा आणि सरासरी भरा.

त्यानंतर यंत्रातली वेग-दुरुस्तीची सोय वापरायची. 600 ते 700 यार्डांवर लोखंडी पाटी लावून प्रत्यक्ष किती मिल लागले ते पाहायचं आणि तो आकडा यंत्रात भरायचा; यंत्र वेग मागेपुढे करून घेतं. यंत्र स्वतः सुचवतं ते अंतर याहून बरंच लांबचं असतं, कारण ते गोळी ध्वनिवेगाच्या जवळ येईपर्यंतचा विचार करतं. शिकाऱ्याला तेवढं लांब जायची गरज नाही. मात्र 300 यार्डांवर ही दुरुस्ती करू नका. तिथे वेगाचा परिणाम इतका बारीक असतो, की चापावरच्या बोटाची चूकच वेग म्हणून नोंदली जाते.

झिरोही असाच बारकाईनं तपासा. 200 यार्डांवर गोळ्यांचा झुपका एक इंच वर बसत असेल, तर 500 वर ती चूक अडीच इंच होते. नळीच्या मध्यापासून स्कोपच्या मध्यापर्यंतची उंची पट्टीनं मोजून भरा, यंत्रातला आधीपासून असलेला आकडा तसाच ठेवू नका. स्कोपची डायल जेवढं लिहिलं आहे तेवढंच फिरते का तेही एकदा पाहा: 100 यार्डांवर उंच कागद लावून 10 मिल फिरवले, तर गोळी बरोबर 36 इंच वर लागायला हवी.

थंडीची बाजू

उंचीबरोबर थंडीही येते आणि ती उलट दिशेनं ओढते. दारूगोळ्यातल्या पावडरीचा वेग तापमानाबरोबर बदलतो. जुन्या धाटणीच्या पावडरीत दर अंशाला सुमारे एक फूट प्रति सेकंद बदलतो, तर हॉजडनच्या एच-4350 सारख्या पावडरी बऱ्याच स्थिर असतात. 95 अंशांत झिरो केलेली, तापमानाला हळवी काडतुसं 25 अंशांच्या पहाटे वापरली तर वेग 70 नं उतरू शकतो, आणि 500 यार्डांवर गोळी त्यामुळे पावणेचार-चार इंच खाली जाते. उंचीनं वर नेलेली जवळजवळ तेवढीच. म्हणजे जुन्याच तक्त्यानं पहाटेची गोळी योगायोगानं नेमकी बसते, आणि दुपारी हवा तापल्यावर त्याच तक्त्यानं ती वर जाते. ‘मी तर कधी उंची बघतच नाही, सगळं नीट लागतं’ असं सांगणाऱ्यांचं रहस्य बरेचदा एवढंच असतं.

एलिटमध्ये तापमानानुसार वेगाचा तक्ता भरता येतो. निदान दोन टोकांचे आकडे हवेत: एक उन्हाळ्यातला, एक कडक थंडीतला. दोन्ही क्रोनोग्राफनं मोजलेले असावेत, अंदाजानं भरलेले नकोत.

हा तक्ता चालू असेल तर एक काळजी घ्यावी लागते. खिशातून काढलेलं यंत्र खिशाचंच तापमान दाखवतं. तापमानाचा सेन्सर हवा खेळायला उघडा ठेवलेला असतो, पण अंगाची ऊब आणि हाताची पकड त्याला फसवतात, आणि थेट ऊन त्याहून जास्त. वीस अंशांची चूक म्हणजे 1,300 फुटांची डीएची चूक; 500 यार्डांवर ती जेमतेम अर्धा इंच. पण त्याच वीस अंशांनी यंत्र काडतुसाचा वेगही जास्त धरतं, आणि दोन्ही चुका एकाच दिशेला जातात: डायल कमी फिरते, गोळी खाली लागते. म्हणून यंत्र खिशात न ठेवता पिशवीच्या पट्ट्याला बाहेर लटकवा. वापरण्याआधी दोरीला धरून सावलीत थोडं झुलवा आणि आकडा स्थिर झाला की मगच हवामान गोठवा, म्हणजे यंत्रातले हवेचे आकडे तिथेच थांबवा. एकदा स्थिर हवामान पकडून गोठवलं, की तासभर पुन्हा पाहायची गरज नसते.

उतारावरचा नेम आणि दुहेरी वजाबाकी

डोंगरात नेम क्वचितच सपाट असतो. वर किंवा खाली, दोन्हीकडे गुरुत्वाचा परिणाम आडव्या अंतरापुरताच होतो. 30 अंशांच्या उतारावर 500 यार्डांचा नेम 433 यार्डांसारखा वागतो. केस्ट्रेलमध्ये अंतर आणि कोन वेगवेगळे भरायची जागा आहे. गफलत होते ती रेंजफाइंडरमुळे. बहुतेक शिकारी रेंजफाइंडर कोन धरून दुरुस्त केलेलं अंतरच दाखवतात. ते 433 केस्ट्रेलमध्ये भरून वर 30 अंशही भरले, की वजाबाकी दोनदा होते. यंत्र 375 यार्डांचा हिशोब करतं आणि गोळी सुमारे 8 इंच खाली लागते. रेंजफाइंडर सरळ रेषेतलं अंतर आणि कोन दाखवेल अशा पद्धतीवर ठेवा आणि तेच दोन आकडे भरा. नाहीतर दुरुस्त अंतर भरा आणि कोनाची जागा शून्य ठेवा. मोहिमेवर निघण्याआधी एकच पद्धत ठरवून घ्या. डोंगरात गेल्यावर ती बदलायची नाही.

लिंक नावाची ब्लूटूथ सोय असलेलं मॉडेल घेतलं तर काही रेंजफाइंडर यंत्राशी जोडता येतात, उदाहरणार्थ व्हॉर्टेक्सची फ्युरी एचडी 5000 एबी दुर्बीण. मग अंतर बोटांनी भरावं लागत नाही. लिंकचा त्याहून मोठा उपयोग म्हणजे रायफलची सगळी माहिती फोनवर टाइप करून यंत्रात पाठवता येते. चार बाणांच्या बटणांनी ती भरणं कंटाळवाणं आणि चुकांना आमंत्रण आहे. लिंक नसलेलं स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.

वारा

यंत्राच्या माथ्यावरचा छोटा पंखा तुमच्या जागेवरचा वारा अचूक सांगतो. दरीपलीकडचा वारा त्याला कळणं शक्यच नाही, आणि डोंगरात दरीचा वारा धारेवरच्या वाऱ्याच्या उलटसुद्धा असतो. विरळ हवेचा इथे एक फायदा आहे: ताशी 10 मैलांचा आडवा वारा या गोळीला 500 यार्डांवर समुद्रसपाटीला सुमारे 15 इंच सरकवतो, दहा हजार फुटांवर साडेदहा इंचच. पण याच आकड्यांतून दुसरी गोष्टही दिसते. वाऱ्याचा अंदाज ताशी 5 मैलांनी चुकला तर 5 इंच गेले, आणि उंची पूर्ण विसरलात तर 4. उंचीच्या दशांश मिलसाठी धडपडणारे आणि समोरच्या उतारावरचं गवत न पाहणारे शिकारी पुष्कळ आहेत. यंत्रावरचा वारा हा फक्त डोळ्यांचा अंदाज पारखण्यासाठी: आपल्या जागी 8 मैल असताना गवत कसं वाकतं ते पाहून घ्या आणि मग दुर्बिणीतून पलीकडचं गवत वाचा.

गोळीला 500 यार्ड जायला सहा दशांश सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो. तेवढ्यात चरणारं जनावर एक पाऊल टाकतं. ड्रॉपचं, म्हणजे गोळी किती खाली येते त्याचं गणित दशांशापर्यंत सुटलं म्हणून नेम घेण्याजोगा झाला असं होत नाही, आणि जखमी एल्क काळोखी दरीत उतरलं तर त्याची यातना या गणितात कुठेच येत नाही. या यंत्रानं तुमची मर्यादा 400 वरून 700 वर नेऊ नका. 400 ते 500 च्या पट्ट्यातली शंका काढण्यापुरता त्याचा वापर करा.

झटपट म्हणजे किती झटपट

यंत्र चालू, रायफल निवडलेली, हवामान गोठवलेलं असेल तर अंतर आणि कोन भरून उत्तर वाचायला सरावलेल्या माणसाला दहा सेकंद लागतात. हातमोजे घालून यापेक्षा जास्त. बटणं लहान आहेत आणि थंडीत बोटं बधिर झाली की दोनदा दाबली जातात. एल्क कळपानं चालत येत असेल तर दहा सेकंदही जास्तच. म्हणून केस्ट्रेल असलेल्यांनीसुद्धा रायफलच्या दस्त्यावर कागदी तक्ता चिकटवावा, आणि तो करायला केस्ट्रेलसारखं दुसरं साधन नाही.

तक्त्यात डीएचे चार रकाने पुरतात: 6,000, 8,000, 10,000 आणि 12,000. उभ्या ओळी 300 ते 600, दर 25 यार्डांना. याहून बारीक करू नका. दोन हजार फुटांच्या फरकानं 500 यार्डांवर 0.05 मिलही बदलत नाही, आणि स्कोपची एक क्लिक 0.1 मिलची असते. सकाळी तळावर आणि दुपारी धारेवर यंत्र एकेकदा उघडायचं, डीए पाहायचा, त्या रकान्यावर बोट ठेवायचं. नेमाच्या वेळी फक्त रेंजफाइंडर आणि तक्ता. अक्षरं मोठी, जलरोधक कागदावर, पेन्सिलीनं. ओल लागली की शाई पसरते.

यंत्रच नसेल तर याच काडतुसासाठी एक ठोकताळा चालतो: समुद्रसपाटीच्या तक्त्यातून डीएच्या दर पाच हजार फुटांना 500 यार्डांवर 0.1 मिल वजा करा, 700 वर 0.2 हून किंचित जास्त. 400 च्या आत काहीच करू नका. दुसऱ्या गोळीसाठी हॉर्नडीच्या मोफत 4-डीओएफ ॲपवर दोन उंचींचे तक्ते काढून आपला ठोकताळा आपणच बनवा; पंधरा मिनिटांचं काम आहे. वर्षातून एकदाच, एकाच भागात शिकारीला जाणाऱ्याला ॲप आणि छापलेला तक्ता एवढं खरोखर पुरेसं आहे.

टिकाऊपणा आणि बारीकसारीक

वजन नगण्य, आवरण दणकट, पावसाची भीती नाही. बॅटरी एकच एए, आणि ती लिथियमच हवी; साधी अल्कलाइन थंडीत मान टाकते. प्रत्येक वेळी बॅटरी बदलली की होकायंत्र पुन्हा जुळवावं लागतं: यंत्र उभं धरून सावकाश तीन फेऱ्या, आणि तेव्हा जवळ रायफल किंवा गाडीचं लोखंड नको. हे विसरलं की नेमाची दिशा आणि वाऱ्याची दिशा दोन्ही चुकतात. ड्रॉपवर परिणाम जवळजवळ नाही, पण वाऱ्याची दुरुस्ती उलट्या बाजूलाही जाऊ शकते. पंखा हा एकमेव नाजूक भाग. त्यात केस किंवा गवताची कुसं अडकली की वारा कमी दाखवतो. फुंकर मारून तो मोकळा फिरतो का पाहा. पंखा घरी बदलता येतो, वेगळा विकत मिळतो.

कोलोराडोत एल्कसाठी गोळी किमान 85 ग्रेनची आणि नळीचा व्यास किमान 0.24 इंच लागतो, शिवाय 500 चौरस इंच भगवं किंवा गुलाबी फ्लुरोसंट कापड अंगावर हवं. केस्ट्रेल हातात धरायचं उपकरण असल्यानं सहसा अडचण येत नाही, पण रायफलला जोडलेल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांबद्दल प्रत्येक राज्याचे नियम वेगळे असतात. ते रायफलवर बसवायचा विचार असेल तर त्या वर्षीची नियमपुस्तिका आधी वाचा.

वापरलेलं यंत्र घेत असाल तर भेटल्यावर तीन गोष्टी तिथल्या तिथे पाहा. मॉडेल खरंच एलिट आहे ना. त्याच 5700 मालिकेतल्या साध्या मॉडेलमध्ये गणित कमी असतं आणि बाहेरून फरक चटकन कळत नाही. फोनशी लिंक जुळते का. आणि स्टेशन प्रेशर: फोनमध्ये बॅरोमीटर असेल तर दोन्ही शेजारी ठेवून आकडे ताडून पाहा. 0.05 इंचापर्यंतचा फरक सोडून द्या, त्याहून जास्त असेल तर भाव पाडा किंवा परत फिरा.